ओटा माझा, भिंती तुमच्या!

ख्रिसमस ट्रीवरचा बर्फ कशाचा असतो? सिनेमात खराखुरा असतो, मॉलमध्ये स्प्रेचा असतो आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात तो कापसाचा असतो. राळेगावात तर डिसेंबरमध्ये कापूस शोधायलाही जावं लागत नाही. जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांतून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून बसलेला असतो. कोणी न सजवताच झाडं सजतात.

हाच कापूस घेऊन यंदा तुम्ही स्वयंपाकघर सजवायचं ठरवत असाल, तर आधी दोन मिनिटं इकडे द्या. कारण डिसेंबर लागला की फोनवर ‘ख्रिसमस किचन’च्या रील्स सुरू होतात. पांढरेशुभ्र शटर, खिडकीला हिरवी माळ, चिमणीवर लाल रिबन, ओट्यावर एक गुबगुबीत ट्री आणि शेजारी वाफाळता मग. पाहिलं की आपल्यालाही करावंसं वाटतं. करा की! फक्त ती रील पुन्हा एकदा नीट बघा. तिच्यात गॅस पेटलेला दिसतो का? सिंकमध्ये एक तरी भांडं आहे? तळणीचा वास घालवायला कोणी खिडकी उघडलीय? त्या किचनमध्ये कोणी स्वयंपाकच करत नाहीये. आपल्याकडे मात्र ज्या घरात नाताळ असतो, त्या घरात वीस डिसेंबरपासून ओट्यावर हात ठेवायला जागा नसते.

‘आपल्याकडे कुठे आलाय नाताळ?’ असं विचारणारे मित्र मला कॉलेजात भेटलेत. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. पांढरकवड्याकडे उमरीचं मिशनचं हॉस्पिटल तुमच्या आजी-आजोबांना नक्की ठाऊक असेल. आज पुण्यात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली सुरू झाली ती यवतमाळात. १९८३ पर्यंत ती इथेच होती आणि देशभरातली मुलं शिकायला यवतमाळला यायची! मराठी ख्रिस्ती कुटुंबं इथे आहेत, नगरला आहेत, वसईत तर शेकडो वर्षांपासून आहेत. ‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीज ‘नाताल’वरून आलाय. बटाटा आणि पावासारखाच तो इथे आला आणि आपला झाला.

आणि या घरांमधला नाताळ चवीला कसा लागतो? बराचसा दिवाळीसारखा. केक असतोच, पण डब्यांमध्ये करंज्या, चकल्या, शेव, शंकरपाळी आणि लाडू असतात. गोव्यात आणि वसईकडे त्यात कलकलं, नेवऱ्या, दोदोलची भर पडते. शेजारीपाजारी ताटं जातात. दिवाळीत तुम्ही ज्यांच्याकडे ताट पाठवता, त्यांच्याकडून डिसेंबरात ताट येतं. म्हणजे सण बाहेरच्या खोलीत दिसतो, पण तो बनतो आत.

अट एकच

यवतमाळला माझी एक मैत्रीण राहते. मागच्या वर्षी त्यांच्या घराचं काम झालं आणि जुन्या मांडणीच्या जागी मॉड्युलर किचन आलं. ड्रॉवर आपोआप मिटणारे, चिमणी, काळा ग्रॅनाइट, सगळं. साहजिकच आम्हा दोघींना ते सजवायचं होतं. काकूंनी अट घातली ती एकच.

“ओटा मले रिकामा पाहिजे. भिंती तुमच्या, खिडकी तुमची. करा काय करायचं ते.”

मला वाटतं, किचन सजवण्याबद्दल इतकं नेमकं कोणत्याही इंटिरिअर डिझाइनच्या पेजवर सापडणार नाही. मॉड्युलर किचनचा जन्मच मुळी रिकाम्या ओट्यासाठी झाला. १९२६ मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरातल्या नव्या घरांसाठी एक स्वयंपाकघर तयार केलं. अवघं १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बाईला किती पावलं चालावं लागतं, हात कुठवर पोचतो, हे मोजून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली. पीठ, तांदूळ, साखरेसाठी वेगवेगळे खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली आणि आज आपण ज्याला मॉड्युलर म्हणतो, त्याची ती पणजी. गंमत म्हणजे हे किचन आखेपर्यंत आपण कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता, असं या बाईंनीच नंतर सांगून टाकलं होतं! तरी हेतू स्पष्ट होता, उभ्या राहणाऱ्या बाईचे कष्ट वाचावेत. आता त्या वाचवलेल्या दोन फुटांवर आपण ट्री नेऊन ठेवला, तर करंज्या लाटायच्या कुठे? जमिनीवर पेपर अंथरून?

तर आपला नियम पक्का. डोळ्यांच्या वर किंवा खिडकीपाशी सजावट, हाताच्या उंचीवर काही नाही. फ्रिजचं दार, वरच्या कपाटांचा माथा, खिडकीची जाळी, दाराची चौकट, डायनिंग टेबलाचा मधला भाग. एवढी जागा भरपूर झाली.

गॅसपासून लांब

आता जरा कंटाळवाणं, पण हे वाचाच. कापूस, क्रेप पेपर, चमकी, रिबन यातलं काहीही शेगडीच्या आसपास लावायचं नाही. मोकळा पिंजलेला कापूस ठिणगीनेही पेटतो, आणि त्यात भरपूर हवा असल्यामुळे विझवेपर्यंत ज्वाळा वर गेलेली असते. चिमणीवर रिबन बांधलेली फोटोत छान दिसते, पण चिमणी चालू झाली की ती सुटून वर ओढली जाते आणि बंद झाली की थेट कढईत. स्नो स्प्रेचा डबा तर स्वयंपाकघरात नकोच, त्यातला गॅस बहुतेक वेळा ज्वलनशील असतो. मेणबत्त्या बाहेरच्या खोलीत लावा.

लायटिंगचं म्हणाल तर सिरीज जरूर लावा, पण प्लग कुठे आहे ते बघा. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, खाली फरशीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या खणाजवळ, खालच्या बोर्डावर सिरीजचा प्लग नको. आणि गॅसचा वास आला, तर ‘आधी लाइट बंद करू’ म्हणून बटणाकडे धावू नका. बटण बंद करतानाही ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, मग १९०६ वर फोन. हा नंबर फ्रिजवर चिकटवला तर तीही सजावटच. ज्या एक्स्टेंशन बोर्डवर केकचा ओव्हन लावलाय, त्याच्यावर सिरीज लावायची नाही, हेही सांगून ठेवते. ओव्हनसाठी तर एक्स्टेंशन वापरूच नये.

जाता जाता, ‘सिरीज’ हे नाव कसं पडलं माहितीये? जुन्या माळांमधले दिवे एकापुढे एक, म्हणजे सिरीज पद्धतीने जोडलेले असायचे. एक गेला की सगळी माळ गेली. मग घरातले बाबा तास तासभर एकेक बल्ब काढून तपासत बसायचे. विजेच्या दिव्यांनी ट्री सजवण्याची कल्पना १८८२ ची, न्यूयॉर्कमधली. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरच्या झाडावर ८० दिवे लावले होते. आता एलईडी आलेत, माळ स्वस्त झाली, आणि बाबांचं काम गेलं.

दुकानात जायच्या आधी

आता मजेचा भाग. नाताळची सजावट म्हणून ऑनलाइन जे विकतात, त्यातलं निम्मं तुमच्या स्वयंपाकघरात आधीच आहे.

मसाल्याचा डबा उघडा. चक्रफूल दिसतंय? आठ पाकळ्यांचा आयता तारा. दोऱ्यात ओवा, मध्ये मध्ये दालचिनीचे तुकडे बांधा आणि खिडकीला लावा. ऊन आलं की वास सुटतो. संत्र्याच्या वाळवलेल्या चकत्यांची माळ ही युरोपातली जुनी रीत, पण संत्री कोणाकडे चांगली मिळतात? आपल्याकडे! नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि डिसेंबरमध्ये आंबिया बहाराचा माल बाजारात असतो. फक्त एक अडचण आहे. संत्र्याची साल सैल, त्यामुळे पातळ चकती कापली की फोडी सुटून येतात. चकत्यांसाठी मोसंबी घ्या. पाव इंचाच्या कापा, पुसून कोरड्या करा, चाळणीवर पसरून गच्चीवर ठेवा. आपल्या कोरड्या थंडीत चार-पाच दिवसांत वाळतात, संध्याकाळी दव पडायच्या आत उचला. संत्रं अख्खं वापरा. सालीला टाचणीने भोकं पाडून लवंगा टोचा आणि टेबलावर वाडग्यात ठेवा.

चांदणीचा कंदील विकत घेण्याआधी माळ्यावर बघा. दिवाळीचा आकाशकंदील तिथे असेल. सांगाडा तोच, कागद नवा. नाताळच्या चांदणीची एक जुनी जात जर्मनीत, मोराव्हियन पंथाच्या शाळेत १८३० च्या सुमारास तयार झाली आणि ती म्हणे भूमितीचा तास होता. मुलं कोन शिकत होती. आपण पुठ्ठ्याचे त्रिकोण कापताना जी शिवीगाळ करतो, तिला बरीच परंपरा आहे तर.

लाल रंग हवा असेल तर नर्सरीतून पॉइन्सेटियाची कुंडी आणा. झाड मूळचं मेक्सिकोचं. जे लाल दिसतं ते फूल नसतं, ती पानंच असतात, फुलं म्हणजे मधले पिवळे बारीक ठिपके. रात्र मोठी झाली की पानं लाल होतात, म्हणून रात्रभर ट्यूबलाइटखाली राहिलेलं झाड हिरवंच राहतं. याचा चीक अंगाला लागला तर खाजतं. तेव्हा जागा खिडकीत, भाजी चिरायच्या पाटाशेजारी नाही.

आणि ट्री? आपल्या नर्सऱ्यांमध्ये ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून बहुतेक वेळा अरोकॅरिया मिळतो. छान असतो, पण महाग. राळेगावच्या मुलांना मी दुसरं सुचवीन. पऱ्हाटी. शेवटच्या वेचणीनंतर उभी असलेली, फांद्यांवर चार-सहा फुटलेली बोंडं राहिलेली एखादी पऱ्हाटी शेतातून विचारून आणा, तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरून उभी करा. बर्फ लावायची गरजच नाही, तो घेऊनच ती वाढलीय. डायनिंगच्या कोपऱ्यात ठेवा, गॅसपासून पार लांब. आणि सण झाला की तिला घरात किंवा अंगणात साठवू नका. वाळलेल्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी लपून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात जाते, म्हणून पऱ्हाट्या वेळेत नष्ट करा असं कृषी विभाग सांगत असतो. गोठा करायचा असेल तर तुराट्या आहेत, कडबा आहे. शहरातले लोक या गोष्टी पाकिटातून विकत घेतात.

मला यात एक गोष्ट खटकते, ती लिहूनच टाकते. ऑनलाइन मिळणारा ‘स्नो’ पॉलिस्टरचा असतो. कापसाच्या तालुक्यात बसून, बाहेर बोंडं फुटलेली असताना, पॉलिस्टरचा बर्फ घरपोच मागवायचा? यवतमाळचं नाव कापसामुळे बातमीत येतं तेव्हा ती बातमी बहुतेक वेळा चांगली नसते. घरात एका पऱ्हाटीला मानाची जागा मिळाली म्हणून भाव वाढणार नाही, हे मलाही कळतं. तरी पण.

शंभरेक वर्षांपूर्वी रेव्हरंड नारायण वामन टिळक हेच म्हणत होते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही उपासना अभंग-भजनांनी, कीर्तनांनी, आपल्या भाषेत व्हावी असा त्यांचा आग्रह होता, आणि चर्चमध्ये आजही त्यांची गाणी म्हटली जातात. गाणं मराठी चालतं, तर झाड वऱ्हाडी का नाही चालणार?

फोटो काढून झाल्यावर

एखाद्या मैत्रिणीकडे नाताळला जाणार असाल, तर पंचवीस तारखेला केक खायला जाण्याआधी एकदा बावीस-तेवीसला जा. सजावटीला दोन तास पुरतात. करंज्यांना अख्खी दुपार लागते, आणि सारण भरायला, कड मुरडायला माणसं कमीच असतात. मुलांनीही बसायला हरकत नाही. आमच्याबरोबर मैत्रिणीचा भाऊ बसला होता, त्याच्या करंज्या समोशासारख्या झाल्या, पण तळल्यावर सगळ्या संपल्या. फ्रँकफर्टच्या त्या किचनवर पुढे टीका झाली ती हीच, की जागा इतकी नेमकी आखली की आत एकच बाई मावायची. काम सोपं झालं आणि ती एकटी पडली. तेव्हा ओटा रिकामा ठेवायचा तो बाकीच्यांना शेजारी उभं राहता यावं म्हणूनही.

चिकटवण्याचं तेवढं राहिलं. तळणीच्या वाफेने टाइल्सवर तेलाचा पातळ थर असतो, त्यावर टेप टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, कोरडं करा, मग लावा. लॅमिनेटच्या शटरवर दुहेरी टेप लावूच नका, पापुद्रा निघतो. साधा टेप लावला आणि जानेवारीत त्याचा चिकटपणा राहिलाच, तर कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब खोबरेल तेल घेऊन पुसायचं.