किडीला दोन-दोन नावं कशाला?



शेतकी खात्याच्या पत्रकात किडीच्या नावापुढे कंसात एक लांबलचक, जीभ वळत नाही असे नाव छापलेले असते. "ही इंग्रजी नावं आम्हाला काय करायचीत? औषध सांगा म्हणजे झालं," असे गटाच्या बैठकीत बरेच सभासद म्हणतात. म्हणणे रास्त आहे. पण औषध बरोबर सांगायचे तर कीड कोणती हे आधी पक्के व्हावे लागते, आणि तिथेच हे नाव उपयोगी पडते. म्हणून त्याविषयी चार शब्द.

पहिली गोष्ट, ही नावे इंग्रजी नव्हेत, लॅटिन आहेत. लॅटिन आज कुणाच्या घरात बोलली जात नाही, त्यामुळे तिचे शब्द रोजच्या बोलण्यात घासून बदलत नाहीत. आपल्याकडे दर वीस कोसांवर किडीचे नाव बदलते. लॅटिन नाव मात्र कोल्हापुरात तेच, कोईमतूरला तेच आणि जावा बेटावरही तेच. दोन शब्दांची ही पद्धत स्वीडनचे शास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी रूढ केली. वनस्पतींची नावे त्यांच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून आणि प्राण्यांची १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात.

आता दोन शब्द कशाला? आपल्या मतदारयादीत आधी आडनाव, मग नाव असते ना, तसेच हे. उसाचे शास्त्रीय नाव सॅकरम ऑफिसिनॅरम. सॅकरम हे आडनाव, ऑफिसिनॅरम हे त्याचे स्वतःचे नाव. त्याचा अर्थ औषधाच्या दुकानातला. कारण एके काळी युरोपात साखर औषधविक्याकडे मिळे. नदीकाठी माजणारे कास गवत म्हणजे सॅकरम स्पॉन्टेनियम, आपोआप उगवणारे. आडनाव एकच, म्हणजे दोघे भाऊबंद. आणि ही भाऊबंदकी भांडणाची नव्हे, फायद्याची! कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड उसाचा या काटक गवताशी संकर केला, आणि १९१८ साली को २०५ ही जात बाहेर पडली. आज आपल्या रानात उभ्या असलेल्या को ८६०३२ मध्येसुद्धा त्या रानगवताचे रक्त आहे.

आता मुद्द्याचे बोलू. "उसाला किडा लागलाय" एवढे सांगून भागत नाही. लहान उसाचा पोंगा वाळवतो तो खोडकिडा, चिलो इन्फस्कॅटेलस. कांड्या पोखरते ती कांडी कीड, चिलो सॅकॅरिफॅगस. या दोघी चिलो घराण्यातल्या. शेंडे कीड मात्र परक्या घराण्यातली, सिर्पोफॅगा एक्सेर्प्टॅलिस. पहिल्या दोघींच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा चिलोनिस या बारीक गांधीलमाशीची कार्डे लावतात. चिलोनिस म्हणजे 'चिलोची'. नावातच सारे आले. शेंडे किडीसाठी तिची बहीण ट्रायकोग्रामा जापोनिकम वापरतात. "किड्याचं कार्ड द्या" म्हणून भलतेच कार्ड नेले तर पैसे गेले, आणि अंडी फुटून अळी उसात शिरली की वेळही गेली. त्यात ट्रायकोडर्मा हे नाव ऐकायला सारखेच, पण ती रोगावर वापरायची बुरशी. किडीवर तिचा उपयोग नाही. अर्धे नाव ध्यानात ठेवले की असा घोटाळा होतो.

२००२ सालचा लोकरी मावा आठवून बघा. दक्षिण महाराष्ट्रात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. पांढरा तर पिठ्या ढेकूणही असतो; पण तो पाचटाआड पेऱ्याशी बसतो, आणि हा पानाच्या खालच्या बाजूला. शास्त्रज्ञांनी कीड ओळखली ती सेराटोव्हॅकुना लॅनिजेरा अशी. लॅनिजेरा म्हणजे लोकर वाहणारा. हे नाव १८९७ साली झेन्टनर यांनी जावातल्या किडीला दिले होते. नाव जुळले आणि कीड नवखी राहिली नाही; इतरत्र तिच्याविषयी जे लिहून ठेवले होते ते हाती आले. तिला खाणारे कीटकही ओळखता आले: डायफा ॲफिडिव्होरा, म्हणजे मावा खाणारी अळी, आणि मायक्रोमस. या मित्रकीटकांची जपणूक करून ते शेतोशेती पोचवण्यात आले. पुरुषभर वाढलेल्या आडसाली उसात पंप घेऊन ज्याने फवारणी केलीय, त्याला या मित्रांची किंमत वेगळी सांगायला नको.

तेव्हा ही नावे पाठ करा असे आमचे म्हणणे नाही. एवढेच करा:

१) कीड दिसली की कीडलेले पान किंवा कांडी पिशवीत घालून गट कार्यालयात आणा. पोंगा वाळला असेल तर तो मुळाकडून कापून आणा, अळीसकट.

२) उसाची जात, लागणीची तारीख आणि खोडवा असल्यास तसे सांगा.

३) शेतकी मदतनिसाकडून किडीचे पूर्ण नाव चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि कार्ड किंवा औषध घेताना ती चिठ्ठी दाखवा.

४) औषधाच्या वेष्टनावर कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या किडीसाठी हे छापलेले असते. चिठ्ठीशी ताडून बघा. जुळत नसेल तर घेऊ नका, परत गटात या.

— ऊस विकास विभाग