लुसीचा गुडघा हातात घेऊन पाहू या

"अब्बू, माणूस माकडापासून झाला का?" दहावीत मूल असलेल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न येतोच. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ ची सुरुवातच 'आनुवंशिकता व उत्क्रांती' या धड्याने होते. पुढे बारावीला आणि नीटलाही हा विषय आहे. त्यामुळे "सोड रे ते" म्हणून भागत नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. आजचे माकड आपले पूर्वज आहे, असे विज्ञान म्हणत नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे लाखो वर्षांपूर्वी एक समान पूर्वज होते, असे ते म्हणते. पुरावा काय? इथेच छापलेली हाडे कामी येतात.

१९७४ मध्ये इथिओपियात हदार येथे सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या एका मादीचा सांगाडा सापडला. तिचे नाव लुसी. उंची जेमतेम साडेतीन फूट. मूळ हाडे अदिस अबाबात जपून ठेवली आहेत, ती मुलांच्या हाती कोण देणार? पण अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात त्यांचे सीटी स्कॅन झाले होते. २०१६ मध्ये इथिओपियाच्या परवानगीने लुसीच्या खांद्याच्या आणि गुडघ्याच्या थ्रीडी फाइल सर्वांसाठी मोफत खुल्या झाल्या. प्रिंटर प्लास्टिक वितळवून थरावर थर चढवतो आणि हाडाची नक्कल तयार होते.

आता प्रयोग. मांडीच्या हाडाचे गुडघ्याकडचे टोक टेबलावर उभे करायचे. चिंपांझीचे हाड जवळपास सरळ उभे राहते. माणसाचे तिरके राहते, कारण आपले गुडघे शरीराच्या मध्याखाली येतात आणि एका पायावर तोल सांभाळता येतो. लुसीचेही तिरकेच! म्हणजे ती दोन पायांवर चालत होती. तिच्या जातीचा मेंदू मात्र आपल्या जेमतेम एक तृतीयांश. चालणे आधी आले, मोठा मेंदू नंतर. पाठांतर न करता हे मुलांनाच उमगते.

आणि ईमानाचे काय? हजरत आदम अलैहिस्सलाम यांच्याविषयीचा अकीदा मुले घरात आणि मदरशात शिकतात. उत्क्रांतीकडे कसे पाहावे, यावर मुस्लिम विद्वानांत एकमत नाही. काही ती नाकारतात, काही माणूस वगळून मान्य करतात, काही पूर्ण स्वीकारतात. चौदाव्या शतकात इब्न खल्दून यांनी 'मुकद्दिमा'त खनिजे, वनस्पती, प्राणी, माकड, माणूस अशी चढती श्रेणी मांडली होती. तो आजचा सिद्धांत नव्हे. पण सृष्टी निरखून पाहायला आपले विद्वान कचरत नव्हते, एवढे नक्की.

ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथे थ्रीडी प्रिंटर असतो. पुढच्या पालक सभेत आपण विचारू या, तो धूळ तर खात नाही ना? मुलगा-मुलगी प्रश्न घेऊन आली तर रागावू नका, सोबत बसा. उत्तर माहीत नसेल तर "मिळून शोधू" म्हणा. प्रश्न विचारणारे मूल बिघडलेले नसते.