जुन्या मोटारीचे वेगमापक : मैल, किलोमीटर आणि खरेपणा

संस्कृतात ‘मा’ म्हणजे मोजणे. या एकाच धातूपासून मान, परिमाण आणि प्रमाण हे शब्द सिद्ध झाले आहेत. त्यांतील ‘प्रमाण’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. त्याचा एक अर्थ माप, आणि दुसरा अर्थ यथार्थ ज्ञानाचे साधन. जे माप खोटे, ते प्रमाण नव्हेच, असा निवाडा भाषेनेच देऊन ठेविला आहे. वाण्याच्या तराजूस हा न्याय आपण तत्परतेने लावतो. पण घरातील मुले ज्या वाहनात बसतात, त्याच्या वेगमापकास तो लावावयाचे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. नव्या गाडीच्या बाबतीत ते एक वेळ चालेल. परंतु वडिलांच्या आठवणीखातर जपून ठेवलेली जुनी मोटार ज्या घरी अद्यापि रस्त्यावर निघते, तेथे हा विषय केवळ कौतुकाचा राहत नाही.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबात 1950 च्या सुमाराची विलायती बनावटीची अशी एक मोटार आहे. तिच्या तबकडीवरील आकडे अर्थातच मैलांचे. आपल्या देशात मापांच्या प्रमाणांविषयीचा कायदा 1956 साली झाला आणि पुढील काही वर्षांत मैल जाऊन किलोमीटर आला. इंग्लंडात रस्त्यावरील वेगाची मर्यादा आजही मैलांतच सांगतात. पुतण्या नुकताच गाडी चालवावयास शिकलेला. त्याच्या उभ्या आयुष्यात मैलाशी कधी व्यवहार पडलेला नाही. एके दिवशी वळणाच्या रस्त्यावर थोरले काका त्यास म्हणाले, “अरे, जरा हळू घे.” तो म्हणाला, “मोठे काका, पाटीवर पन्नास लिहिले आहे आणि काटाही पन्नासावरच आहे.” काका म्हणाले, “बाळ, ते पन्नास मैल आहेत!” पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर. आणि तोही आकडा खरा नव्हता, हे मागाहून कळले. ते कसे कळले, हे सांगण्यापूर्वी या यंत्राच्या पोटात काय असते ते पाहू.

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची युक्ती फार प्राचीन आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यज्ञाने एका रथाचे वर्णन केले आहे. त्याचे चाक एका फेऱ्यात साडेबारा फूट जाई. चारशे फेरे झाले, म्हणजे पाच हजार फुटांचा रोमन मैल पुरा होऊन एक खडा पात्रात पडे. मोटारीतील अंतरमापक हे त्याच खड्यांचे आधुनिक रूप होय. गिअरबॉक्सच्या मागील दंडावरील दाते एका लवचीक तारेस फिरवितात. मिस्त्री लोक तिला मीटरची केबल म्हणतात. ती तबकडीमागे येऊन दंतचक्रांच्या द्वारा आकड्यांची पिंपे पुढे ढकलते. येथे सर्व काम दात्यांचे, म्हणून शुद्ध गणिताचे आहे.

वेगाचा काटा मात्र वेगळ्याच न्यायाने चालतो. ओटो शुल्त्झे नामक जर्मन अभियंत्याने 1902 साली त्याचे पेटंट घेतले. केबलच्या टोकाशी एक लोहचुंबक फिरतो. त्याच्या सभोवती, पण त्यास कोठेही न शिवता, अॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते. चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत विजेचे सूक्ष्म भोवरे उत्पन्न होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. ताकाच्या डेऱ्यात रवी फिरते तेव्हा ती डेऱ्यास शिवत नाही. तरी ताकाच्या योगाने डेराही फिरू पाहतो, आणि तो पायाने धरावा लागतो. वाटीस असे धरून ठेवण्याचे काम घड्याळातल्यासारखी एक नाजूक केसकमान करते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते, कमान दुप्पट पिळली जाते, आणि वाटीच्या आसास जोडलेला काटा दुप्पट सरकतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. केबल एकच असली तरी अंतर आणि वेग यांच्या वाटा भिन्न आहेत. अंतर दात्यांवर अवलंबून, तर वेग चुंबक व कमान यांच्या समतोलावर. दाते सहसा फसवीत नाहीत. चुंबक मात्र काळाने क्षीण होतो आणि काटा कमी दाखवू लागतो. उलट कमान सैल पडली, किंवा वंगण वाळून वाटी चुंबकाबरोबर चिकटून ओढली जाऊ लागली, तर काटा जास्त दाखवितो. काटा थरथरत असेल, तर दोष बहुधा वाकलेल्या अथवा कोरड्या केबलचा असतो. त्यासाठी मीटर उघडण्याची गरज नाही.

आता त्या मोटारीकडे वळू. मोकळ्या सरळ रस्त्यावर एकजण गाडी स्थिर वेगाने चालवी आणि शेजारी बसलेला भ्रमणध्वनीवरील उपग्रहाधारित वेग टिपून घेई. काटा 20 वर असता खरा वेग 36 किलोमीटर, 30 वर असता 54 आणि 40 वर असता 72 भरला. मैलाचे 1.609 किलोमीटर होतात. तेव्हा हे आकडे 32, 48 आणि 64 असावयास हवे होते. म्हणजे प्रत्येक ठिकाणी खरा वेग सुमारे बारा टक्क्यांनी अधिक. त्या वळणावर पुतण्या पन्नासाने नव्हे, ऐंशीनेही नव्हे, तर नव्वद किलोमीटरच्या वेगाने चालला होता, आणि तेही जुन्या धाटणीच्या ब्रेकांवर!

येथे त्रैराशिक कामास येते. चूक सर्वत्र सारख्याच आकड्याची असती, समजा दरवेळी चार मैलांची, तर काटा आपल्या आसावर सरकून बसला आहे असे ठरले असते, आणि तो उचलून नीट बसविणे पुरले असते. परंतु चूक वेगाच्या प्रमाणात वाढत होती. अशा वेळी काटा हलविणे व्यर्थ. एका वेगास तो खरा ठरेल आणि बाकी सर्व वेगांस खोटा. मग अंतरमापकाची परीक्षा झाली. किलोमीटरच्या दगडांवरून दहा किलोमीटर अंतर तोडले, तेव्हा त्याने 6.2 मैल दाखविले, हिशेबाने 6.21 येतात. अर्थात दाते निर्दोष आणि चुंबक दोषी.

तरी एक पडताळा उरला होता. अशा मीटरांच्या तबकडीवर पुष्कळदा एक बारीक आकडा छापलेला असतो. एका मैलास केबलचे किती फेरे व्हावेत, हे तो सांगतो. येथे तो 1000 होता. केबल मीटरपासून सोडवून तिच्या टोकास कागदाची चिठ्ठी लाविली, आणि गाडी ढकलून मागील चाकांचे सहा फेरे होऊ दिले. केबलचे सात फेरे भरले. चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर 30 सेंटिमीटर. वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62,832, हे आर्यभटाने 499 साली दिलेले मान घेतले, तर चाकाचा परीघ 188.5 सेंटिमीटर येतो. त्यावरून किलोमीटरास चाकाचे 530.5 आणि केबलचे 619 फेरे होतात. म्हणजे मैलास 996. हजाराच्या इतके जवळ की शंकेस जागा नाही.

रोगनिदान झाले, आता उपचार आणि मैलांचे किलोमीटर करणे. उपचार सोपा होता. घड्याळजीच्या हातोटीच्या एका कारागिराने यंत्र साफ करून चुंबकास पुन्हा बळ दिले आणि ठराविक फेऱ्यांवर काटा ठराविक आकड्यावर येईल असे जुळविले. हे काम घरी करू नये. केसकमानीस बोटाचा एक धक्काही पुरतो.

परिवर्तनाविषयी मात्र घरात तीन मते पडली. एक मत असे की केबलच्या मार्गात दंतचक्रांची पेटी बसवून फेरे 1.609 पटीने वाढवावेत. त्यामुळे वेग आणि अंतर दोन्ही किलोमीटरांत येतात. आठास पाच दात्यांनी शंभर किलोमीटरांत अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक तूट येते, आणि सदतिसास तेवीस घेतले तर ती नावापुरती राहते. पण 80 पर्यंतची तबकडी 80 किलोमीटरांतच संपते, आणि तिच्यावरील ‘मैल’ हा शब्द असत्य होतो. दुसरे मत, जुने यंत्र काढून आत विजेचे नवे बसवावे. ते अचूक चालेल. पण एकदा पोखरलेले जुने यंत्र पुन्हा पूर्ववत होणे कठीण.

तिसरे मत थोरल्या काकांचे. अंतरमापकावर 61,482 मैल होते. त्यांतील बहुतेक त्यांच्या वडिलांनी चालविलेले. त्यांच्या टिपणवहीत प्रत्येक प्रवासाची नोंद त्याच आकड्यांनी आहे. त्याचे 98,946 किलोमीटर होतात. पिंपे फिरवून तो आकडा बसविता येतो. पण मग वही एक सांगणार आणि गाडी दुसरे. काका म्हणाले, “वडिलांच्या हातचा आकडा मी पुसू देणार नाही.” पुतण्या म्हणाला, “आणि मी मैल शिकेपर्यंत गाडीने थांबावे काय?” दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते.

अखेर जे ठरले ते आम्हास शहाणपणाचे वाटते. मैलांचे आकडे तसेच ठेवून त्यांच्या आतील बाजूस तांबड्या रंगात किलोमीटरांचे दुसरे वर्तुळ काढविले. त्यात गोल आकडे त्यांच्या खऱ्या जागी येतात. 40 किलोमीटरची खूण 24.9 मैलांजवळ आणि 60 ची 37.3 जवळ. पिंपे मैलांतच राहिली, आणि दुरुस्तीची तारीख व त्या दिवसाचा आकडा वहीत लिहिला गेला. नव्या पिढीस समजेल असे माप मिळाले आणि जुन्या पिढीची साक्षही अबाधित राहिली.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी निदान एक परीक्षा अवश्य करावी. काटा 60 किलोमीटरवर, किंवा 37 मैलांच्या किंचित पुढे, स्थिर ठेवावा आणि शेजाऱ्याने दोन दगडांमधील वेळ मोजावा. एक किलोमीटरास बरोबर एक मिनिट लागले पाहिजे. त्याहून थोडा अधिक लागला तर भय नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतही वेगमापकाने किंचित अधिक दाखविणे क्षम्य मानले आहे, पण खऱ्याहून कमी दाखविणे कदापि नाही. मिनिट पुरे होण्याआधीच पुढचा दगड आला, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत मुलांच्या हाती ती गाडी देऊ नये.