ऑडीच्या गाडीत निम्मा जोर विजेचा

फॉर्म्युला वनमध्ये उतरण्याची घोषणा ऑडीनं २०२२ मध्ये केली. शर्यतीला मात्र २०२६ उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या हिनविलचा सॉबर संघ त्यांनी विकत घेतला, पण इंजिन जर्मनीत नॉयबुर्गला स्वतःच घडवलं. धाडस आहे ते इथे. नव्या नियमांत १.६ लिटरच्या व्ही-६ टर्बो इंजिनाला जोडलेल्या विजेच्या मोटरची ताकद १२० वरून थेट ३५० किलोवॉटवर गेली. ब्रेक लावला की हीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरते. एक्झॉस्टच्या झोतातून वीज काढणारा महागडा, किचकट भाग नियमांतूनच वगळला गेला. त्यात जुन्या कंपन्या कितीतरी पुढे होत्या. माझ्या मते, नवख्या ऑडीसाठी दार उघडलं ते या वगळण्यानं.