परड्यातली शेड आणि वळवाचा वारा



ऊस गेला, चार पैसे हाती आले की आमच्या उंब्रज भागात घरामागच्या परड्यात पत्र्याची शेड उभी राहू लागते. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, फवारणी पंप उन्हापावसात गंजवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. गावचा वेल्डर हाताशी घेतला तर घरच्या माणसांनी करण्याजोगे हे काम आहे. पण एक गोष्ट मी ठेच लागल्यावर शिकलो, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी मीही घरामागे शेड केली. तीन बाजू बंद, तोंड उघडे. खर्च वाचवावा म्हणून हुक कमी मारले आणि पत्र्यावर दगड ठेवले. एप्रिलात वळवाचा वारा सुटला आणि पत्रे दगडांसकट शेजारच्या अंगणात जाऊन पडले. तिथे वाळवण राखत बसलेल्या म्हातारीला सुनेने नुकतेच आत बोलावले होते, म्हणून ती वाचली. शेतीची पदवी घेतलेल्या माणसाची ही अक्कल!

छप्पर खाली पडू नये एवढेच आपण पाहतो. पत्र्याचे छप्पर मात्र वर उडते. उघड्या तोंडातून शिरलेला वारा ते आतून रेटतो आणि वरून जाणारा वारा बाहेर ओढतो. तेव्हा पायापासून पत्र्यापर्यंत प्रत्येक सांधा छप्पर खाली धरून ठेवणारा हवा.

सुरुवात खड्ड्यापासून करा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर विसंबू नका. मुरूम लागेपर्यंत खणा, निदान अडीच-तीन फूट. खांबाच्या पाइपला बुडाशी आडवी सळई वेल्ड करून मगच काँक्रीट भरा, म्हणजे खांब उपसून येणार नाही. पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडा. खोलगट भागात पाडाल तर गळेल. वळचणीला आणि कडेच्या ओळींना एक उंचवटा सोडून एक हुक, वॉशरसह. दगड एकही नको.

काहीजण खांबांचा खर्च टाळून दगडमातीच्या भिंतींवरच पत्रे टेकवतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा अशा भिंतींनी काय केले ते पाटणकडच्या जुन्या माणसांना विचारा. खांबांचा सांगाडा करा. भिंत हवीच असेल तर ती नुसत्या आडोशापुरती.

मापासाठी वही नको. नांगर जोडलेला ट्रॅक्टर जागेवर उभा करा, दोन्ही बाजूंना माणूस पाना घेऊन बसेल एवढी जागा सोडा आणि भोवती फक्की मारा. जोते उंच घ्या. कृष्णा-तारळीच्या काठाला हे सांगायला नको. पागोळ्या आपल्याच हद्दीत पडू द्या. बांधाची भांडणे आपल्याकडे कमी आहेत का?

घरात पोरेबाळे असतील तर औषधांचे डबे शेडमध्ये वेगळ्या, कुलपाच्या पेटीत ठेवा. दारे लावून इंजिन कधीही चालू ठेवू नका. त्याच्या धुरातल्या एका विषारी वायूला वास नसतो; माणूस बसल्या जागी गुंगून जातो.

आणि दरवर्षी पाडवा झाला की शिडी लावून हुकांच्या चाक्या आवळा. ढिली चाकी आणि फाटलेला वॉशर त्याच दिवशी बदला. वळीव त्यानंतर कधीही येतो.