एकाच पायाची सूज

मूत्रपिंडाच्या आजारात पाय सुजतात, हे आपल्या ज्येष्ठ सभासदांना माहीत असते. पण ती सूज बहुधा दोन्ही पायांवर येते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, हाताला गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी.

नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये दिवसाला ३.५ ग्रॅमहून अधिक प्रथिने लघवीवाटे जातात (लघवीला फेस येतो तो त्यामुळेच). त्यांत अँटिथ्रॉम्बिन हे रक्त गोठू न देणारे प्रथिनही वाहून जाते. उलट यकृत, रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन जास्त बनवू लागते. रक्तातले अल्ब्युमिन २.५ च्या खाली गेले की धोका वाढतो. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीत तो विशेष.

आपल्याकडे पाय दुखला की तेल लावून चोळायची पद्धत. इथे ती मुळीच नको. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी मनाने वाढवू नये, रक्त आणखी दाट होते. कुशीत कळ येऊन लघवी लाल झाली, तर गुठळी मूत्रपिंडाच्या शिरेतही असू शकते. अचानक दम लागला किंवा छातीत दुखले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पायातली गुठळी डॉपलर सोनोग्राफीत बहुधा दिसते. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची मात्रा मूत्रपिंडाचे काम पाहूनच ठरते, म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही.