मृगाआधी दोन बादल्या: घरातला पाझर आणि संपातला पंप

संप म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात: एसटीचा संप, नाहीतर अंगणाखालची पाण्याची टाकी. आज आम्ही तिसऱ्या संपाबद्दल बोलणार आहोत. घरात पाझरणारं पाणी गोळा करायचा खड्डा आणि ते बाहेर फेकणारा पंप.

जयगडच बघा. वर कातळाचा सडा, खाली शास्त्री नदीची खाडी, मधे उतार. जांभा सच्छिद्र. सड्यावरचा पाऊस त्यातून खाली मुरतो, चिकण थरावर अडतो आणि आडवा सरकत उतारावर बाहेर पडतो. डोंगर कापून जोतं घातलं, की तेच पाणी मागच्या भिंतीतून घरात येतं.

मग लगेच पंप आणायचा का? नाही. आधी पागोळ्यांचं पाणी लांब न्या. 100 चौरस मीटर छपरावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं. ते भिंतीच्या बुडाशी मुरलं तर कुठला पंप पुरणार? मग घरामागे जोत्याच्या पायापासून थोडा लांब चर काढा. उतार फुकट काम करतो, आणि लाइट गेली तरी थांबत नाही. एवढ्यानेही भागलं नाही, तरच खड्डा.

खड्डा सर्वांत सखल कोपऱ्यात घ्या. समजा तो 60 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. मग पाणी 1 सेंटिमीटर चढलं म्हणजे 3.6 लिटर आलं. भर पावसात घड्याळ लावून मोजा. मिनिटाला 5 सेंटिमीटर चढलं तर 18 लिटर. पंप याच्या दुप्पट पाणी उचलणारा घ्या, तोही तुमच्या उंचीवर. पंप चिखलात नको, विटेवर ठेवा. फ्लोट स्विच भिंतीला घासता कामा नये. पाइपात नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप थांबला की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात. खाडीकाठी पाइपाचं तोंड उधाणाच्या भरतीच्या वर ठेवा.

आता दुरुस्ती. पंप नुसता गुणगुणतो? कपॅसिटर गेला असेल, किंवा पंखा अडकला असेल. फिरतो पण पाणी नाही? जाळी तुंबलीय, आत हवा अडकलीय किंवा व्हॉल्व्ह उलटा बसलाय. चालू करताच आरसीसीबी पडतो? बहुधा सील जाऊन मोटरमध्ये पाणी शिरलंय. तो पुन्हा पुन्हा वर करू नका, तो तुमचा जीव वाचवतोय. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग नसेल तर पंप बसवूच नका. मेन स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. आणि स्विचपर्यंत जायला पाण्यातून जावं लागत असेल, तर जाऊच नका, वायरमनला बोलवा. पंप वर काढायचा तो दोरीने, वायरीला धरून कधीच नाही.

खरी गोम मात्र वेगळी आहे. हा पंप आठ महिने निजून असतो. खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात, गाळ सुकून पंखा घट्ट बसतो, आणि हे कळतं पहिल्या मुसळधार रात्री. म्हणून मृग लागायच्या आधी, मे संपताना, खड्डा साफ करा आणि दोन बादल्या पाणी ओता. फ्लोट उचलला गेला, पंप सुरू झाला, पाणी बाहेर पडलं, पंप आपोआप थांबला? मग पाऊस येऊ दे. नाहीतर भर पावसात आपला पंपच संपावर जायचा.